कोसमघाटची खाट

‘खाट निघाली भाऊ. बुधरी हाये खाटेवर. रगत थांबून नाई राह्यलं.’

झिंगू फोनवर एवढंच बोलला आणि आवाज तुटला. बापूराव मंडपाच्या मागे उभा होता. पुढे स्पीकरवर गाणं असं काही सुटलं होतं की कानाला लावलेला फोन चालू आहे की मेला, कळायला मार्ग नव्हता. त्यानं दोन-तीनदा ‘हॅलो, हॅलो’ केलं. कोसमघाटला रेंज नाही. गावामागची टेकडी चढून वर गेलं तर फोन लागतो, तोही मनात आलं तर. म्हणजे झिंगू या वयात टेकडी चढला होता. साधी गोष्ट असती तर तो चढला नसता.

बुधरी ही झिंगूची सून, पहिलटकरीण. नवरा चंदन गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे पोती उचलायला गेलेला. दिवस भरायला अवकाश होता म्हणून घरची निर्धास्त होती, आणि निर्धास्त माणसालाच संकट आधी गाठतं.

कोसमघाटहून मोहफाट्यापर्यंत, म्हणजे बापूरावच्या गावापर्यंत, गाडीरस्ता नाही. आधी जंगलातली पायवाट, मग नाला, मग हलामीटोल्याच्या धानाच्या बांध्या आणि शेवटी मोहफाट्याची पांदण. पावसाळा सरला तरी त्या पांदणीतला चिखल सरत नसे. या रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालं होतं. नारळ तेवढे फुटले, रस्ता झाला नाही. तेव्हा आजारी माणसाला खाटेवर घालायचं, खाट बांबूंना बांधून कोसमघाटच्या माणसांनी हलामीटोल्याच्या शिवेपर्यंत आणायची, हलामीटोल्यानं मोहफाट्याच्या शिवेपर्यंत, आणि तिथून पुढे मोहफाट्याचे चार खांदे, हा नियम होता. पण आज अख्खा मोहफाटा मंडपात होता, कारण आज याच नियमाचा पंचवीस वर्षांचा सोहळा होता.

बापूराव तसाच मंडपाच्या तोंडाशी आला. तिथं एकशेआठची पांढरी गाडी उभी होती. सोहळ्याला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार म्हणून ती सकाळपासून इथंच होती. चालक हरिदास चाकाला टेकून सुपारी कातरत होता.

‘जय भीम भाऊ. आज तर तुमचाच दिवस हाये.’

‘हरिदास, कोसमघाटची खाट येऊन राह्यली. पोरगी अडली हाये. रक्त चालू हाये.’

हरिदासनं अडकित्ता खिशात टाकला. माणूस कामाचा होता. ‘मी तयार हाओ भाऊ. आक्सिजन हाये, सिस्टर हाये. पेशंट इथी आणा, मी वाऱ्यासारखा नेतो. पण पांदणीत गाडी घातली त ही गाडी काढाले दुसरी गाडी लागन.’

तो खोटं बोलत नव्हता. सगळं अडलं होतं ते शिवेपासून मंडपापर्यंतच्या चिखलात. चार माणसं हवी होती, बस. बापूरावला वाटलं, एवढ्या गर्दीत चार माणसं म्हणजे समुद्रात ओंजळभर पाणी मागण्यासारखं. तो खुर्च्यांमधून फिरू लागला.

गावची बहुतेक तरणी पोरं कोरपन्याकडे कापूस वेचायला गेली होती. उरली होती त्यांच्या छातीवर आज बिल्ले होते, आणि एकेका बिल्ल्याला एकेक काम होतं.

‘भाऊ, मी जेवणावर हाओ.’

‘मी गेट सोडला त अध्यक्ष मले सोडतीन का?’

‘अॅम्बुलन्स तर इथीच उभी हाये न भाऊ, मंग टेन्शन कायले घेता?’

कोणी वाईट बोललं नाही. उलट एकानं त्याला खुर्ची दिली, दुसऱ्यानं पाण्याचा गिलास आणला. माणूस म्हातारा झाला की त्याला पाणी लवकर मिळतं, ऐकणारा कान मिळत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी हाच बापूराव मलेरियाच्या फवारणीवर हंगामी मजूर होता. पाठीवर पंप घेऊन गावोगाव फिरायचा. घराघरांच्या भिंती त्याला ठाऊक होत्या आणि भिंतींपेक्षा माणसं जास्त. एका वर्षी कोसमघाटची एक बाळंतीण तिच्या घरच्याच चौघांनी उचलून आणली. सबंध वाट तेच चौघे. माणसं ती, दमली. हलामीटोल्याच्या बांधीत त्यांनी खाट टेकवली आणि बाई तिथंच गेली. मग भांडण पेटलं. परगावचं मरण आमच्या मातीवर आणून टाकलं, आता गावची माय कोपेल, बकरा द्या, दंड द्या. दोन गावांत सोयरिकी होत्या, त्या तुटायला आल्या.

शेवटी बापूरावनं मध्ये पडून बैठक बसवली. झिंगू कोसमघाटचा भूमक, गावदेवाचं तोच करायचा. मोहाच्या झाडाखाली बसून त्यानं तोड काढली. जो तो गाव आपल्या शिवेत खाट वाहील. शिवेवर खांदा बदलेल, पण खाट जमिनीला टेकणार नाही. आणि पुढच्या गावचा खांदा लागल्याशिवाय कोणी त्या गावची शीव ओलांडणार नाही. ‘मातीले नाई टेकली त मायले राग नाई,’ झिंगू म्हणाला होता. बापूराव पंचशील म्हणणारा माणूस, त्याला मायच्या रागाचं काही नव्हतं. पण दमण्याआधी खांदा बदलतो, एवढं त्याला पुरलं. दोघे दोन वाटांनी आले आणि एका खाटेला लागले.

तेव्हापासून खाट निघाल्याचा ढोल ऐकू आला की बापूराव गल्लीगल्लीतून ओरडत सुटे, ‘खाट निघाली! चार खांदे चला!’ घराघरांतून उत्तर येई, ‘आलो! आलो!’ ताटावरचे लोक उष्ट्या हातानं उठत. पुढे गावं जोडली जाऊन अकरा झाली. शहरातून शिकलेली मंडळी आली, त्यांनी खाटेच्या सभेला नाव दिलं, अकरा गाव आरोग्य संघ. बोर्ड लागला, ऑफिस झालं, अध्यक्ष झाला. मोहफाट्यापर्यंत डांबर आलं, गाडी आली. हे सगळं चांगलंच झालं, कितीतरी जीव वाचले. फक्त खाटा कमी झाल्या तशा सभा वाढल्या, आणि खांद्याची सवय सुटली. आता बापूरावचं काम वर्षातून एकदा, वर्धापनदिनाला माइकवर ती हाक मारून दाखवायची. पोरांना ते फार आवडे.

आजही तेच झालं. साहेबांची गाडी यायला उशीर होता आणि रिकामा माइक कुलदीपला बघवत नसे. हा पोरगा बारावीपासून गावच्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायचा. त्यानं गर्दीत बापूरावला पाहिलं.

‘आणि आता आपल्या संघाचे आधारवड, बापूभाऊ! भाऊ, या, होऊन जाऊ द्या!’

बापूरावला हायसं वाटलं. इतका वेळ एकेकाच्या कानाशी लागत होतो, आता सगळ्यांना एकदमच सांगता येईल. तो गुडघ्यावर हात देत स्टेज चढला, माइक दोन्ही हातांत धरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला,

‘खाट निघाली! चार खांदे चला!’

‘आलो! आलो!’ सगळा मंडप एका सुरात गरजला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, बाया हसल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सगळे पुन्हा खाली बसले.

बापूराव बघतच राहिला. ‘अरे, तसं नाई. खरंच येऊन राह्यली. कोसमघाटची खाट. झिंगूची सून हाये तिच्यावर, तिचं रक्त...’ त्याचा आवाज फाटला. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला. दरवर्षी तो कोसमघाटच्याच बाईची गोष्ट सांगे, आणि दरवर्षी याच ठिकाणी त्याचा आवाज फाटे. ‘काय सांगते रे हा माणूस, अंगावर काटा येते,’ कोणीतरी म्हणालं.

‘मी आजचं सांगून राह्यलो! आत्ताचं!’

शेवटचे शब्द कोणालाच ऐकू गेले नाहीत. फाट्यावर गाड्यांचे हॉर्न वाजले, कुलदीपनं अलगद माइक काढून घेतला, ‘सर्वांनी उभे राहून स्वागत करावे’ म्हणाला, आणि रेला नाचणाऱ्या मुलींचे ढोल सुरू झाले.

गुणवंतराव तेवढे धावत स्टेजवर आले. हे संघाचे अध्यक्ष. यांचे वडील पहिल्या चार खांद्यांतले एक. गुणवंतरावांना बापूरावच्या डोळ्यांतलं कळलं. ‘काऊन भाऊ, काय झालं?’

बापूरावनं सांगितलं. गुणवंतरावांचा चेहरा उतरला. ‘भाऊ, आधी काऊन नाई सांगतलं? मी आत्ता चार पोरं पाठवतो. तुमी बसा इथी. पाय पाहा तुमचे कसे कापून राह्यले.’ त्यांनी वळून कुलदीपच्या कानात काहीतरी सांगितलं. कुलदीपनं मान हलवली, स्टेजखालच्या कोणाला तरी खूण केली, त्यानं पुढे कोणाला तरी हात केला. बापूरावनं हे सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि तो खुर्चीत बसला.

मग हार झाले, दीपप्रज्वलन झालं, बाबासाहेबांच्या आणि बिरसांच्या फोटोंना वंदन झालं. बापूरावच्या खिशात फोन थरथरला. गडचांदूरहून चंदन होता.

‘भाऊ, पोचली का हो बुधरी? बाबाचा फोन लागून नाई राह्यला.’

‘येऊन राह्यली बेटा. आपले पोरं गेले हायेत शिवेवर. गाडी इथीच उभी हाये. तू चिंता नको करू.’

‘मी निघून राह्यलो भाऊ. ठेकेदारानं गेटपास नाई देल्ला, पण निघतो. तुमी हाये म्हनून बरं हाये.’

बापूरावनं फोन ठेवला. त्याला उगाच अभिमान वाटला. एवढ्या वर्षांनी वेळ आली आणि संघ उभा राहिला. शाल आली, श्रीफळ आलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून फोटोवाल्याकडे पाहिलं. बापूरावनंही तिकडेच पाहिलं, आणि फोटोवाल्याच्या मागे त्याला जेवणाची रांग दिसली. तिथं पंगतीची तयारी चालली होती. गेटवाला पोरगा पत्रावळी मांडत होता. जेवणवाला वरणाची बादली घेऊन उभा होता. आणखी दोघे पाण्याचा ड्रम सरकवत होते. गावात उरलेली खांद्याची पोरं एवढीच होती, आणि ती सगळी इथं होती.

फोटो होतो न होतो तोच बापूराव गुणवंतरावांकडे सरकला. ‘गुणवंता, पोरं कोणते पाठवले?’

‘मी कुलदीपले सांगतलं न भाऊ.’

कुलदीप म्हणाला, ‘मी जेवणाच्या टीमले निरोप देल्ला.’ जेवणाच्या टीमला वाटलं होतं, गेटवाले गेले. गेटवाल्यांना वाटलं होतं, गाडीच जाईल. सर्वांचं काम ते कोणाचंच काम नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

‘थांबा भाऊ, साहेबाचं भाषण झालं की मी सोता येतो,’ गुणवंतराव रडकुंडीला येऊन म्हणाले. मनातून ते खरंच येणार होते. पण साहेब माइकपाशी उभे होते आणि अध्यक्षाला स्टेज सोडता येत नाही.

बापूराव शाल खुर्चीवर टाकून स्टेजच्या मागच्या शिडीनं उतरला. तिथंच चुली पेटल्या होत्या. त्याची बायको कांता कढईतून भजी काढत होती. त्याला तसं उतरताना पाहून तिनं झारा खाली ठेवला.

‘कुठी चालले?’

‘शिवेवर. बुधरी हाये खाटेवर. आपलं कोणीच गेलं नाई तिथी.’

कांतानं हात पदराला पुसले. ‘तुमी दुपारी ओरडले ते खरं होतं?’

‘खरं होतं.’

‘आन् मी इथी चुलीपाशी आलो, आलो करून राह्यली होती,’ ती म्हणाली आणि पायातल्या चपला काढून चालू लागली. चपला घालून त्या पांदणीत कोणालाच चालता येत नसे.

ऊन उतरलं होतं. चिखलात पाय रुतत होते. बापूराव दोनदा पडला, कांतानं त्याला दंडाला धरून उभं केलं. दोघांचं बळ मिळून एक तरणा माणूसही होत नव्हता. मागून साहेबांचं भाषण येत होतं. शब्द कळत नव्हते, टाळ्या कळत होत्या. बापूराव जोरात चालायचं ठरवी आणि पाय ऐकत नसत. आपण माइकवर असं का सांगितलं नाही, तसं का सांगितलं नाही, खाली उडी मारून पोरांच्या गचांड्या का धरल्या नाहीत, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्याला स्वतःची चीड आली आणि चीड येऊन उपयोग नव्हता.

शिवेवर जुनं ऐनाचं झाड आहे. त्याच्या पलीकडे, हलामीटोल्याच्या बाजूला, खाट उभी होती. दोन बांबू, चार खांदे. खांद्यावाल्यांत एक बाई होती, कारण हलामीटोल्याचीही तरणी माणसं कापसावर गेली होती. चौघांचे पाय नडगीपर्यंत चिखलात आणि गुडघे लटलटत. एकाच्या मानेवर बांबूनं सालटं काढलं होतं. खाटेच्या डोक्याशी झिंगू हातात पळसाची डहाळी घेऊन उभा होता. माश्या वारत होता.

‘जोहार भाऊ,’ तो म्हणाला.

‘दादा, काऊन थांबले? काऊन पुढं नाई आणली?’

‘तुमचा खांदा नव्हता न,’ झिंगू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. ‘ढोल वाजवला. लई वाजवला. तिकून तुमच्या गावातून पन ढोल वाजत होता. आमाले वाटलं, आमच्याच ढोलाले जबाब देऊन राह्यले. आता येतीन, आता येतीन म्हनून उभे राह्यलो.’

रेल्याचे ढोल. साहेबांसाठी वाजलेले.

कांता खाटेपाशी गेली. वाकून पाहिलं, बुधरीच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्याशी. तो हात तिनं तिथंच राहू दिला. ‘कवा?’ तिनं विचारलं.

‘ऊन होतं तवा. पानी मांगे. पानी देल्लं. मंग चंदनले हाका मारल्या, मंग गप झाली.’ झिंगूनं डहाळी हलवली. ‘पोटातलं तिच्या आधीच गप झालं होतं.’

‘मंग खाट काऊन नाई टेकवली, दादा?’ बापूराव जवळजवळ ओरडला. ‘इतका वेळ उभेच?’

झिंगूनं त्याच्याकडे पाहिलं. ‘कुठी टेकवू भाऊ? इकडची माती हलामीटोल्याची, तिकडची तुमची. मीच सांगतलं होतं न सगळ्याईले. माह्या घरची हाये म्हनून मी कसा मोडू?’

‘मोडाचा होता,’ बापूराव म्हणाला. ‘दादा, मोडाचा होता रे.’

मागून मिळणारं पाणी असतं, न मागता मिळणारी सावली असते. पण शिवेवर उभ्या असलेल्या माणसाला देण्यासारखं त्या घटकेला बापूरावजवळ काहीच नव्हतं. चंदन आता कुठल्या तरी ट्रकमध्ये बसला असेल, बापूभाऊ आहेत म्हणून निश्चिंत असेल. त्याला सांगायचं कोणी, हे कोणी विचारलं नाही, आणि बापूरावला ठाऊक होतं की सांगायचं त्यालाच आहे. त्याला वाटलं, एकशेआठच्या गाडीपर्यंत तरी न्यावी, डॉक्टरनं एकदा तरी पाहावी. पण कांतानं मान हलवली. तिनं गावातल्या पुष्कळ मेलेल्यांना आंघोळी घातल्या होत्या.

‘घरी नेतो,’ झिंगू म्हणाला. ‘तिकडं तिच्या सासूनं पानी तापवून ठेवलं हाये. बाळासाठी.’

हलामीटोल्याच्या माणसांनी खाट फिरवली. फिरवताना त्या बाईचा पाय घसरला, बांबू तिरपा झाला आणि बुधरीचा हात खाटेबाहेर आला. कांतानं तो उचलून आत घेतला, लुगडं नीट केलं, आणि मग ती हात खाटेच्या काठावर ठेवून बाजूनं चालू लागली.

बापूराव पुढे गेला. सालटं निघालेल्या माणसाच्या मागे उभा राहून त्यानं बांबूखाली खांदा घातला. ‘सोड रे, तू दम घे.’ त्या माणसानं आधी झिंगूकडे पाहिलं. हलामीटोल्याच्या शिवेत मोहफाट्याचा खांदा कधी लागला नव्हता. झिंगूनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, डहाळी चिखलात टाकली आणि स्वतः पुढच्या बांबूला लागला.

खाट जड होती. बापूरावला वाटलं होतं, एवढीशी पोरगी, हलकी असेल. नाल्याच्या उताराला त्याच्या गुडघ्यातून कळ आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर पुन्हा चढ होता, आणि चढामागे जंगल.

‘थकले का भाऊ?’ झिंगूनं पुढून, मान न वळवता विचारलं.

‘नाई,’ बापूराव म्हणाला आणि पाण्यात पाय टाकला.